विजेची वायर : कायम जोडलेली कीं सुटी होणारी?



संगणकाचा मॉनिटर घरांत आणतांना आपण त्याचा पडदा किती इंची आहे, रंग कसे दिसतात आणि किंमत काय पडते हें पाहतों. त्याच्या पाठीमागून वीज आणणारी जी काळी वायर असते, तिच्याकडे मात्र कोणाचें लक्ष जात नाहीं. ती वायर मॉनिटरच्या पोटांतूनच निघालेली आहे, कीं दोन्ही टोंकांस सुटी होणारी आहे, असें दुकानांत फारसें कोणी विचारीत नाहीं. हा प्रश्न सुचतो तो वायर तुटल्यावर. आज मी या लहानशा दिसणाऱ्या प्रश्नाचा इतिहास आपल्यापुढें मांडणार आहें. मॉनिटरची वायर घरच्या माणसास हातानें काढतां यावी कीं न यावी, हा वाद आजचा वाटतो खरा. परंतु वीज घरांत आली तेव्हांपासून तो कोणत्या ना कोणत्या रूपानें चालत आला आहे. त्याच्या बुडाशीं असलेला प्रश्नहि लहान नाहीं. विकत घेतलेल्या वस्तूवर मालकाचा अधिकार कोठपर्यंत चालावा, आणि त्याच्याच जिवाच्या काळजीनें कारखानदारानें त्याचा हात कोठें धरावा, हा तो प्रश्न होय.

इ. स. १८८२ च्या सप्टेंबरची ४ तारीख. त्या दिवशीं न्यूयॉर्क शहरांत पर्ल स्ट्रीटवरील एडिसनचें वीजघर सुरू झालें. त्या काळीं वीज म्हणजे दिवा, एवढेंच समीकरण लोकांच्या मनांत होतें. भिंतींतील सॉकेट हा प्रकार नव्हता. तारा छतावरून अगर भिंतीवरून यावयाच्या आणि दिव्याच्या होल्डरांत संपावयाच्या. जळालेला दिवा घरधन्यानें बदलावा. तार मात्र घराचाच एक भाग, तिला हात लावण्याचें त्यास कारण नव्हतें आणि त्यानें तो लावूं नये हेंच बरें होतें.

पुढें विजेची इस्त्री, पंखा, शेगडी हीं उपकरणें निघालीं, तेव्हां त्यांस वीज द्यावयाची कोठून ही अडचण उभी राहिली. उपाय एकच होता. दिवा काढावा आणि त्याच्या होल्डरांत उपकरणाच्या वायरीचें टोंक बसवावें. अमेरिकेंतील होल्डर पेंचाचे असत. त्यामुळें तें टोंक आंत बसवितांना वायरहि गरगर फिरे, तिला पीळ पडे, वरचें सुताचें आवरण विरे आणि आंतली तांब्याची तार उघडी पडे. आपल्याकडचे होल्डर पेंचाचे नसून दोन खुंट्या अडकवून बसविण्याचे. त्यांत पिन अडकवून इस्त्री चालविलेली आपल्यापैकीं वडील मंडळींनीं पाहिली असेल. छताला लोंबणारा होल्डर, त्यांतून खालीं आलेली वायर आणि खालीं तापलेली इस्त्री, हें चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर सहज उभें राहील.

या अडचणींतून वाट काढली ती कनेक्टिकट संस्थानांतील ब्रिजपोर्ट येथील कारखानदार हार्वे हबेल यानें. त्याच्या प्लगास ८ नोव्हेंबर १९०४ रोजीं अमेरिकन सरकारनें पेटंट दिलें. युक्ति अगदीं साधी होती. प्लगाचे दोन भाग केले. एक भाग पेंच फिरवून होल्डरांत बसवून ठेवावयाचा आणि तो तेथेंच राहावयाचा. दुसरा भाग वायरीच्या टोंकाशीं, त्यास दोन पिना. हा दुसरा भाग सरळ आंत ढकलावा आणि सरळ बाहेर ओढावा. पीळ नाहीं, पेंच नाहीं, उघड्या तारेस हात लागण्याची भीति नाहीं. पेटंटांत या प्लगास दिलेल्या नांवांतच ‘सुटा होणारा’ असा शब्द होता. विजेच्या वस्तूचें घराच्या तारांशीं असलेलें कायमचें नातें येथें सुटलें. पुढें होल्डर मागें पडला आणि भिंतींतील सॉकेट आलें, तरी तत्त्व तेंच राहिलें.

आपल्याकडे वीज आली ती इंग्रजी पद्धतीनें. मुंबईंत १९०५ सालीं बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी स्थापन झाली आणि ७ मे १९०७ रोजीं त्या शहरांत विजेची ट्राम धांवूं लागली. तारा, खटके, सॉकेटें, सर्व इंग्लंडच्या रिवाजाचीं. तेथें १९३४ सालीं गोल पिनांच्या प्लगांचें बी. एस. ५४६ हें मानक ठरलें. इंग्लंडनें १९४७ सालीं दुसरें मानक ठरवून चपट्या जाड पिनांचा प्लग घेतला. आपण मात्र गोल तीन पिनांसच चिकटून राहिलों. आज आपल्या भिंतींवर जीं लहान सहा अँपिअरचीं आणि मोठीं सोळा अँपिअरचीं सॉकेटें दिसतात, त्यांचें मूळ त्या १९३४ च्या मानकांत आहे. जर्मनीची पिन निराळी, अमेरिकेची निराळी, ऑस्ट्रेलियाची निराळी. भिंतीकडील टोंकाच्या बाबतींत जगाचें एकमत आजतागायत झालेलें नाहीं. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें मॉनिटरच्या कथेंत ती फार महत्त्वाची ठरणार आहे.

आतां वायरीच्या दुसऱ्या टोंकाकडे वळूं. वायर भिंतीपाशीं सुटी झाली, उपकरणापाशीं काय? प्रारंभीं ती तेथें पक्की बांधलेली असे. परंतु वायर तुटते ती बहुधा भिंतीपाशीं नव्हे, तर उपकरणाच्या तोंडाशीं. इस्त्री दिवसांतून शेंकडों वेळां मागें-पुढें होते आणि प्रत्येक वेळीं वायर मुठीच्या मुळाशीं वांकते. आंतले तांब्याचे बारीक केस एकेक करून तुटतात आणि अखेर वायर तापूं लागते किंवा ठिणगी पडते. म्हणून इस्त्री व किटली यांच्या वायरी दोन्ही टोंकांस सुट्या करण्याचा प्रघात पडला. चिनी मातीचें तोंड असलेली ती जुनी जाड वायर आठवा. इस्त्रीच्या मागील दोन पिनांवर ती दाबून बसवावी लागे.

या जोडणींत एक नियम पाळावा लागतो. ज्या बाजूस वीज जिवंत आहे, त्या बाजूस भोंकें असावींत. पिना असाव्यात त्या उपकरणाच्या बाजूस, जेथें वायर काढली कीं वीज उरत नाहीं. याच्या उलट केलें तर टेबलावर पडलेल्या वायरीच्या टोंकांतून जिवंत पिना बाहेर आलेल्या राहतील आणि घरांतील मूल त्यांस हात लावील. भिंतीकडे पिना आणि उपकरणाकडे भोंकें, अशी आजच्या वायरीची रचना आपण नेहमीं पाहतों. ती शोभेसाठीं नाहीं, जिवासाठीं आहे.

परंतु या सोयीनें एक गोंधळहि उत्पन्न झाला. प्रत्येक कारखानदार आपापल्या मनाप्रमाणें तोंडाचा आकार ठरवूं लागला. एकाची वायर दुसऱ्यास बसेना. ती हरवली कीं तिच्यासारखी शोधीत बाजार पालथा घालावा. सुटी होणारी वायर आहे, पण तशी दुसरी मिळत नाहीं, म्हणजे ती सुटी असून नसल्यासारखीच.

हा गोंधळ आवरण्याचें काम इंटरनॅशनल इलेक्ट्रोटेक्निकल कमिशन या संस्थेनें केलें. ही संस्था १९०६ सालीं लंडन येथें स्थापन झाली आणि प्रसिद्ध शास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिन हे तिचे पहिले अध्यक्ष झाले. तिनें १९७० सालीं ३२० क्रमांकाचें मानक प्रसिद्ध केलें. पुढें १९९७ सालीं संस्थेच्या सर्व मानकांच्या क्रमांकांत ६०,००० मिळविण्यांत आले, म्हणून आज तें ६०३२० या नांवानें ओळखलें जातें. उपकरणाच्या अंगीं कोणत्या आकाराचें तोंड असावें, त्यांतून किती अँपिअर वीज जावी, तें किती तापावें, हें सर्व त्यांत ठरवून दिलें आहे. संगणकाच्या व मॉनिटरच्या मागें जें तीन भोंकांचें, दोन कोपरे कापलेलें काळें तोंड बसतें, त्याचें त्या मानकांतील नांव सी-१३. त्याची मर्यादा १० अँपिअर आणि २५० व्होल्ट. रेडिओ-टेपला बसणारें इंग्रजी आठच्या आकड्यासारखें तोंड, तें सी-७; त्याची मर्यादा अडीच अँपिअर.

या मानकांतील एक बारकावा मला फार शहाणपणाचा वाटतो. सी-१३ चें तोंड ७० अंश सेंटिग्रेडपर्यंतच्या उष्णतेसाठीं आहे. किटलीसारख्या तापणाऱ्या उपकरणास तें चालणार नाहीं. त्यासाठीं सी-१५ हें १२० अंशांपर्यंत टिकणारें तोंड ठरविलें. दोन्ही दिसण्यांत जवळजवळ सारखीं. पण सी-१५ च्या तोंडास एक खांच आहे आणि किटलीच्या अंगीं त्या खांचेंत बसणारा उंचवटा. परिणाम असा कीं, किटलीची वायर संगणकास लावली तर बसते आणि त्यांत कांहीं धोका नाहीं. संगणकाची वायर किटलीस मात्र लागतच नाहीं. घरांतील माणसास तापमानाचे आकडे ठाऊक असण्याची गरज उरली नाहीं. चूक करावयास गेला तरी ती होऊं नये, अशी व्यवस्था केली. अधिकार देतांना मनुष्याचें संरक्षण कसें करावें, याचा हा उत्तम नमुना आहे.

आतां संगणकाकडे येऊं. १२ ऑगस्ट १९८१ रोजीं आय. बी. एम. कंपनीनें आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारांत आणला. त्याच्या मागें भिंतीकडून वीज घेण्याचें तोंड होतेंच. त्याच्या शेजारीं वीज देण्याचें दुसरें तोंडहि होतें. तें होतें मॉनिटरसाठीं. त्या कंपनीच्या एकरंगी मॉनिटरची वायर त्याच्या अंगास कायम जोडलेली असे, आणि तिचें दुसरें टोंक भिंतींत न जातां संगणकाच्या पाठींत जाई. संगणकाचा खटका दाबला कीं मॉनिटरहि चालू होई. मॉनिटर म्हणजे संगणकाचाच एक अवयव, अशी त्या वेळची समजूत होती, आणि अवयवास स्वतंत्र वायर कशास हवी? पुढें मॉनिटर निरनिराळ्या कंपन्या करूं लागल्या आणि लोक संगणक एकाचा व मॉनिटर दुसऱ्याचा असे घेऊं लागले. मॉनिटर स्वतंत्र वस्तु झाला आणि त्याच्या पाठीस स्वतःचें तोंड आलें.

यामागें व्यापाराचेंहि कारण होतें, आणि येथें मघाशीं सांगितलेली भिंतीकडील टोंकाची गोष्ट उपयोगीं पडते. कारखाना एका देशांत, गिऱ्हाईक शंभर देशांत, आणि पिना प्रत्येक ठिकाणीं निराळ्या. वायर मॉनिटरच्या अंगास पक्की जोडली तर प्रत्येक देशासाठीं निराळा मॉनिटर बांधावा लागेल आणि निराळा सांठवावा लागेल. वायर सुटी ठेवली तर मॉनिटर एकच. खोक्यांत टाकावयाची वायर तेवढी देशाप्रमाणें निराळी. मॉनिटरमधील वीज-पुरवठ्याचा भाग १०० पासून २४० व्होल्टपर्यंत कोणत्याहि दाबावर चालणारा होऊं लागल्यावर तर ही सोय पूर्ण झाली. म्हणजे सुटी वायर ही केवळ ग्राहकावरील उपकार नव्हे. कारखानदाराचाहि तींत स्वार्थ आहे. ज्या सुधारणेंत दोघांचा स्वार्थ असतो, ती टिकते.

कोणी म्हणेल, मग वाद उरला कोठें? वाद आहे, आणि वायर पक्की असावी असें म्हणणाऱ्यांचें म्हणणें पोकळ नाहीं. तें आपण प्रामाणिकपणें ऐकलें पाहिजे.

पहिला आक्षेप असा कीं, सुटी होणारी जोडणी सैल पडते, आणि सैल जोडणी तापते. हें खरें आहे. पण किती तापते हें विजेच्या प्रवाहावर अवलंबून असतें, आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. पंधराशें वॅटची किटली आपल्या २३० व्होल्टांवर सुमारें साडेसहा अँपिअर घेते. पन्नास वॅटचा मॉनिटर घेतो अँपिअरच्या एक पंचमांशाहून थोडें अधिक. सैलपणा तितकाच असला तरी किटलीच्या जोडणींत मॉनिटरच्या सुमारें नऊशेंपट उष्णता निर्माण होईल. दहा अँपिअरच्या तोंडांतून मॉनिटर पन्नासाव्या हिश्शाइतकी वीज घेतो. किटलीच्या बाबतींत हा आक्षेप वजनदार आहे. मॉनिटरच्या बाबतींत तो फार हलका पडतो.

दुसरा आक्षेप चुकीच्या वायरीचा. घरांत चार वायरी पडलेल्या असतात. बाजारांत तर बारीक तारेच्या, नुसतें जाड प्लॅस्टिक चढविलेल्या वायरी स्वस्तांत मिळतात. तोंड बसलें म्हणजे वायर योग्यच असें लोक समजतात. तिसरा आक्षेप दाबाचा. सी-१३ चें तोंड ११० व्होल्टच्या देशांत तेंच आणि २३० व्होल्टच्या देशांतहि तेंच. पूर्वीं कित्येक संगणकांच्या मागें ११५ आणि २३० असे दोन दाब दाखविणारी तांबडी कळ असे. परदेशाहून आणलेल्या संगणकाची कळ ११५ वर ठेवून येथील वायर लावली कीं आंतला भाग जळालाच. पक्क्या वायरीवर परदेशी पिन असती, तर ती आपल्या भिंतींत सरळ बसलीच नसती आणि मनुष्य थबकला असता. हा आक्षेप त्या काळापुरता खरा होता. आजचे मॉनिटर बहुधा सर्व दाब सहन करणारे असतात; तरी मागील चिठ्ठीवर १००–२४० हे आकडे पाहूनच जुनी किंवा परदेशी वस्तु लावावी.

चौथा आक्षेप पाण्याचा. कपडे धुण्याचें यंत्र, मिक्सर यांसारख्या ओल्या हातांनीं वापरावयाच्या अगर पाणी उडणाऱ्या वस्तूंत जोडणीचें उघडें तोंड नसलेलेंच बरें. तेथें वायर पक्की असते तें योग्यच आहे. परंतु मॉनिटर स्वयंपाकघरांत किंवा न्हाणीघरांत नसतो. तात्पर्य, पक्क्या वायरीचीं जीं खरीं कारणें आहेत, तीं उष्णता, मोठा प्रवाह आणि पाणी हीं होत. आणि त्यांपैकीं एकहि मॉनिटरला लागू पडत नाहीं.

आतां सुट्या वायरीच्या बाजूनें इतिहासानें दिलेली साक्ष पाहूं. फेब्रुवारी २००५ मध्यें मायक्रोसॉफ्ट कंपनीनें आपल्या एक्सबॉक्स नांवाच्या खेळाच्या यंत्राच्या सुमारें १ कोटी ४१ लक्ष वायरी बदलून देण्याचें जाहीर केलें. यंत्रांतील एखादा विद्युत्-भाग क्वचित् बिघडून आग लागण्याचा संभव होता. तो टाळण्यासाठीं नव्या धर्तीची वायर ग्राहकास फुकट देण्यांत आली. ग्राहकानें जुनी काढावी, नवी लावावी, काम संपलें. ऑगस्ट २०१४ मध्यें हेवलेट-पॅकार्ड कंपनीनें आपल्या लॅपटॉप संगणकांबरोबर दिलेल्या एका जातीच्या वायरी परत मागविल्या, कारण त्या तापून आग लागण्याची भीति होती. एकट्या अमेरिकेंत त्यांची संख्या ५५ लाखांहून अधिक होती. प्रवाह थोडा असला तरी वायरच वाईट निघाली तर धोका होतो, हें यावरून दिसतें, आणि वर मी पहिल्या आक्षेपाला हलका म्हटलें त्यास ही मर्यादा घातलीच पाहिजे. पण याच उदाहरणाची दुसरी बाजू पाहा. या वायरी यंत्रांच्या अंगास पक्क्या जोडलेल्या असत्या तर काय झालें असतें? लाखों यंत्रें उचलून दुरुस्तीच्या दुकानांत न्यावीं लागलीं असतीं. पुष्कळ लोकांनीं तो त्रास घेतला नसता आणि धोकादायक वायर घरांत तशीच चालू ठेवली असती. जी वायर सहज काढतां येते, तीच वाईट निघाल्यास सहज टाकतांहि येते. सुरक्षिततेच्या दृष्टीनेंहि तिची बाजू बळकट आहे ती यामुळें.

शाळेंतील संगणकांच्या खोलींत मी वर्षानुवर्षें काम पाहिलें आहे, तेथील एक व्यवहार सांगण्याजोगा आहे. सकाळीं एखादा मॉनिटर लागत नसला, तर शिपाई प्रथम शेजारच्या चालत्या मॉनिटरची वायर काढून त्यास लावी. लागला, तर दोष वायरीचा. नाहीं लागला, तर मॉनिटरचा. उंदरांनीं वायर कुरतडणें हा नित्याचा प्रकार होता. अर्ध्या मिनिटांत निदान होई आणि शंभर-दीडशें रुपयांत तास चालू होई. वायर पक्की असती तर त्याच दोषासाठीं तो मॉनिटर रिक्षांत घालून गांवांत न्यावा लागता आणि चाळीस मुलांच्या वर्गांत एक पडदा आठ दिवस कमी पडता.

मानकें ठरविणाऱ्या विद्वानांनींहि या प्रश्नाचा विचार केलेला आहे. घरगुती उपकरणांच्या सुरक्षिततेविषयीं ६०३३५ क्रमांकाचें जें आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यांत कायम जोडलेल्या वायरीचे तीन वर्ग पाडले आहेत. ‘एक्स’ वर्गांतील वायर सहज बदलतां येते. ‘वाय’ वर्गांतील वायर कारखानदारानें, त्याच्या दुरुस्तीकेंद्रानें किंवा तशाच जाणत्या माणसानेंच बदलावी. ‘झेड’ वर्गांतील वायर उपकरण मोडल्यावांचून बदलतांच येत नाहीं. म्हणजे ‘पक्की’ या एका शब्दाच्या पोटांत तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलींत मालकाचा हक्क शाबूत आहे, दुसरींत तो कारखानदाराकडे गहाण आहे, आणि तिसरींत वायरीबरोबर वस्तूचेंहि आयुष्य संपतें.

मार्च २०२२ मध्यें अ‍ॅपल कंपनीनें स्टुडिओ डिस्प्ले नांवाचा २७ इंची मॉनिटर काढला, तेव्हां हा जुना वाद पुन्हां पेटला. त्याची अमेरिकेंतील किंमत १,५९९ डॉलर होती. त्याची वायर ग्राहकानें काढावी अशी योजनाच नव्हती. गंमत अशी कीं, त्याच कंपनीच्या २०१९ सालच्या त्याहून महाग अशा मॉनिटरची वायर सुटी होणारी होती. पक्क्या वायरीच्या बाजूनें असें म्हणतात कीं, मॉनिटर एकदां टेबलावर ठेवला कीं वर्षानुवर्षें हलत नाहीं. वायर पक्की असली तर ती आपोआप निसटत नाहीं, आणि पाठीमागची बाजू सुबक राहते. या म्हणण्यांत तथ्य आहे. पण वायर दोन मीटरांची आहे आणि टेबल भिंतीपासून तीन मीटरांवर आहे, असें झालें तर काय? वायर मांजरानें चावली तर काय? बिऱ्हाड बदलून परदेशीं गेलें आणि तेथें पिन निराळी असली तर काय? मागील बाजू सुबक ठेवण्यासाठीं इतक्या प्रश्नांचीं उत्तरें मालकाच्या हातून काढून घेणें, हा मला महागाचा सौदा वाटतो.

याच कंपनीच्या इतिहासांत दुसरा एक धडा आहे. २००० सालीं तिनें मॉनिटरसाठीं एक नवी जोडणी काढली. एकाच केबलींतून चित्र, वीज आणि इतर संदेश जात. कल्पना सुंदर होती. पण ती जोडणी दुसऱ्या फारशा कोणी उचलली नाहीं आणि २००४ सालीं कंपनीनें ती सोडून दिली. चांगले चालते मॉनिटर नव्या संगणकास लावण्यासाठीं लोकांस निराळा अडॅप्टर शोधावा लागला. ज्या वस्तूचें आयुष्य दहा-पंधरा वर्षांचें, तिला चार वर्षांच्या आयुष्याच्या वायरीनें बांधलें म्हणजे असें होतें. उलट १९७० च्या मानकाचें तोंड पन्नास वर्षें उलटून गेलीं तरी चालूच आहे, आणि जुन्या संगणकाची वायर आजच्या मॉनिटरला खुशाल लागते.

अलीकडे कायद्यानेंहि या विषयांत लक्ष घातलें आहे. युरोपीय संघांत १ मार्च २०२१ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणें मॉनिटर व दूरदर्शन-संच यांचे वीज-पुरवठ्याचे व जोडण्यांचे सुटे भाग दुरुस्ती करणारांस, आणि बाहेरचा अडॅप्टर ग्राहकांसहि, शेवटचा नग बाजारांत आल्यापासून निदान सात वर्षें मिळाले पाहिजेत. आपल्या देशांत केंद्र सरकारच्या ग्राहक-व्यवहार खात्यानें जुलै २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्कासंबंधीं एक समिति नेमली, आणि टाकाऊ विद्युत्-वस्तूंविषयींचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आले. वायर तुटली म्हणून आखा मॉनिटर भंगारांत जाणें हें घराचें नुकसान आहेच. त्यांतील कांच, प्लॅस्टिक व धातु यांचा विचार केला तर तें गांवाचेंहि नुकसान आहे.

या सर्व इतिहासावरून माझें मत असें झालें आहे कीं, मॉनिटरची वायर घरच्या माणसास हातानें काढतां आली पाहिजे, आणि तिचें तोंड सर्वमान्य मानकाचें असलें पाहिजे. यांतील दुसरी अट पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. कारण एकाच दुकानांत मिळणारी सुटी वायर ही नांवाचीच सुटी. एखाद्या कारखानदारास वायर पक्कीच ठेवावयाची असली तर त्यास बंदी करावी असें मी म्हणत नाहीं. पण वायर पक्की आहे, ती कोण बदलूं शकेल आणि त्यास काय खर्च येईल, हें त्यानें खोक्यावर स्पष्ट छापावें. मग ज्यास सुबकपणा हवा त्यानें तो पत्करावा आणि ज्यास हक्क हवा त्यानें दुसरा मॉनिटर घ्यावा.

हक्क मागतांना आपल्याकडेहि कांहीं कर्तव्य येतें. वायर काढण्यापूर्वीं भिंतीवरचा खटका बंद करावा. ओढावयाचें तें प्लगाचें तोंड धरून. वायरीस धरून नव्हे. लावतांना तोंड शेवटपर्यंत दाबून बसवावें. तीन पिनांच्या जागीं दोन पिनांची वायर लावूं नये, कारण तिसरी पिन जमिनीशीं जोडलेली असते आणि संकटांत तीच आपला जीव वांचविते. तापणारी, चिरलेली किंवा वास येणारी वायर चिकटपट्टी गुंडाळून न वापरतां टाकून द्यावी आणि मानकाची खूण असलेली नवी घ्यावी. शंभर-दीडशें रुपयांच्या वायरीवर कंजुषी करणें शहाणपणाचें नाहीं.

पुढच्या वेळीं मॉनिटर घेण्यास जाल तेव्हां दुकानदारास तो फिरवून पाठ दाखविण्यास सांगा, आणि वायर सुटी होते कीं नाहीं एवढें विचारा. गिऱ्हाईक जें विचारतें तेंच कारखानदार करतो. न विचारलेला हक्क हळूहळू नाहींसा होतो. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.